बोलता येईल एवढ्याच वेगानं

घाटी चढायची पहिली युक्ती घाटीच्या खाली करायची असते. चढ पायाला लागायच्या आधी, खालच्या छोट्या पुलावर, साकवावर, असतानाच गियर हलका करून ठेवायचा. "लागेल तसं बघू" म्हणालात की साखळी करकरते, पॅडल अडतं आणि तुम्ही सायकलसकट रस्त्याकडेच्या गटारात. मी गटार आतून बघून आलेली बाई आहे, माझ्यावर विश्वास ठेवा.

मी रत्नागिरीजवळच्या एका गावात हायस्कूलला गणित शिकवते. शाळा खाली खाडीकाठी, घर वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, आणि दोन्हींच्या मधे आमची घाटी. सकाळी ताजीतवानी असताना उतार आणि संध्याकाळी दमून येताना चढ! ज्यानं कुणी ही शाळा बांधली त्यानं उलटं तरी करायचं. चाळिशी उलटल्यावर मी गियरची सायकल घेतली तेव्हा गाव हसलं. वर्षभरात मी पाय न टेकता घाटी चढायला लागले तेव्हा गावानं हसायचं थांबवून येणाऱ्याजाणाऱ्याला ते सांगायला सुरुवात केली. आणि मग मला टीबी झाला.

ज्यांना हे नुकतंच कळलंय, ज्यांच्या घरात आत्ता दार लोटून कुजबुज चाललीय, त्यांच्यासाठी मी हे लिहितेय. चढ आहे, पण चढता येतो. मी चढले! कसं चढले ते सांगायची मला एवढी घाई झालीय की मी पहिल्याच परिच्छेदात वर पोचायला निघाले होते. थांबा, आधी गियर हलका करते.

मी साखळी बदलली

आधी वजन उतरलं. सायकल चालवल्यावर वजन उतरणारच, त्यासाठीच तर घेतली होती. स्टाफरूममध्ये "मॅडम, काय बारीक झालात!" ऐकलं की मी फुलून जायची. सगळे ड्रेस टाचून घेतले. संध्याकाळी अंग कोमट व्हायचं, ते मी उन्हाच्या नावावर टाकलं. कोरडा खोकला खडूच्या नावावर. दीर्घ श्वास घेतला की डाव्या कुशीत कळ यायची, ती गटाराच्या नावावर. प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे उत्तर तयार होतं. गणिताच्या बाईकडे नसणार तर कुणाकडे?

मग घाटी जड जायला लागली. गिरणीच्या वळणालाच दम लागायचा. कुणाही शहाण्या माणसानं डॉक्टर गाठला असता, मी सायकलवाल्याला गाठलं. साखळी बदलली. तरी दम लागतोय म्हणून मागची दात्यांची चकती बदलली. ब्रेक घासत असतील म्हणून ते सैल करून घेतले, आणि दुसऱ्या दिवशी उतारावर जी गंमत झाली ती सातवीची मुलं अजून एकमेकांना सांगतात.

नसीमा आमच्या शाळेत खेळ शिकवते. मला चढ तिनंच शिकवला. एका संध्याकाळी ती साकवावर थांबली आणि माझ्या सायकलीकडे बघत म्हणाली, "सगळं नवं झालं हिचं. आता जुनं काय उरलंय ते डॉक्टरला दाखवून ये."

"मोठी आलीस शहाणी, तुला काय कळतंय," असं मला म्हणायचं होतं. "मोठी आलीस" एवढ्यावर श्वास संपला. पुढचं नुसतंच ओठांवर राहिलं. आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि मग सायकली हातात धरून, चालत, घाटी चढलो.

दोन वाक्यं

रत्नागिरीत छातीच्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडात धरला. डावी बाजू अर्ध्यापर्यंत पांढरी.

"फुफ्फुसाच्या बाहेर पाणी झालंय. इथवर कशा आलात?"

"एसटीनं. पण गेल्या आठवड्यापर्यंत घाटी सायकलनं चढत होते."

"एवढं पाणी घेऊन?"

सांगायला लाज वाटते, पण मला त्या क्षणी अभिमान वाटला. जवळजवळ एका फुफ्फुसावर घाटी! नसीमाला कधी सांगते असं झालं. मग त्यांनी मला उशी कवटाळून टेबलावर ओणवं बसवलं, पाठीत सुई घातली, आणि बाटलीत पिवळं पाणी जमायला लागलं तसा माझा अभिमान उतरत गेला.

तपासण्यांचे निकाल यायला काही दिवस लागले. ते आल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "टीबी आहे. पूर्ण बरा होतो." दोन वाक्यं एकापाठोपाठ एक, मधे श्वाससुद्धा न घेता. मला फक्त पहिलं ऐकू आलं. तुमच्यापैकी कुणी आज त्या खुर्चीत बसून आलं असेल तर दुसरं वाक्य परत म्हणायला लावा. मी लावलं. मला भरती करून घेतल्यावर वॉर्डात पुन्हा लावलं. त्या न कंटाळता म्हणाल्या.

मिलिंदला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, फोन केला. तो मुंबईत नोकरीला, महिन्यातून दोन फेऱ्या. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "सायकलमुळे झालं का?"

मला रडायला येत होतं ते त्या प्रश्नानं थांबलं. इतका राग आला! सायकलमुळे झालं नाही, सायकलमुळे कळलं, असं त्याला ओरडून सांगायचं होतं, पण ओरडायला लागणारा श्वास बाटलीत गेला नव्हता तरी परतही आला नव्हता. मी फोन आईंच्या हातात दिला.

वेगळं ताट

आई म्हणजे माझ्या सासूबाई. अंगणवाडी चालवून निवृत्त झालेल्या, अख्ख्या वाडीला जय भीम घालत फिरणाऱ्या, कुणाला न घाबरणाऱ्या. त्या वॉर्डात माझ्या खाटेशेजारी स्टूल टाकून बसल्या आणि पहिल्याच दिवशी फर्मान काढलं.

"मी सांगतंय तसा सांगायचा. न्यूमोनिया झालाय म्हनायचा. कोनी इचारला तरी न्यूमोनिया."

"का पण? लपवण्यासारखं काय आहे?"

त्यांनी स्टूल खाटेजवळ ओढलं. मग म्हणाल्या, "माज्या भावाला झालेला. त्याचा ताट वेगळा, लोटा वेगळा, पडवीच्या कोपऱ्यात. आपल्या मानसांनी केला तो. भायेरच्यांनी तर आदीपासूनच केलेला. वेगळा ताट म्हंजे काय ता मना कोनी शिकवू नये. तुज्या वाट्याला नको."

डॉक्टरीणबाईंनी घरातल्या सगळ्यांची तपासणी करून घ्यायला सांगितलं होतं. माझ्या प्रकारच्या टीबीनं दुसऱ्याला लागण व्हायचा धोका नसल्यात जमा आहे, ताट-वाटी वेगळी करायची गरज नाही, हे त्यांनी आईंच्या देखत सांगितलं होतं. आईंनी ते मान हलवत ऐकलं. दुपारी डबा उघडला, भात कालवला, स्वतः दोन घास खाल्ले आणि तोच डबा माझ्यापुढे सरकवला. मग मी खाल्लं, मग परत त्यांनी. समोरच्या खाटेवरची बाई बघत होती, तिच्याकडे बघून आईंनी आणखी एक घास घेतला.

हॉस्पिटलातले दिवस तसे एकसारखेच. सकाळी थर्मामीटर, मग गोळ्या, मग फरशी पुसणारीचा फिनेल, मग डॉक्टर, मग चहा. मला भीती संध्याकाळी वाटायची, ताप चढायच्या वेळेला. खिडकीतून रस्ता दिसायचा आणि त्यावर कुणीही, अगदी कुणीही, सायकल चालवत जात असायचं. एकदा एक म्हातारे गृहस्थ गॅसचा सिलिंडर मागे बांधून आरामात गेले. मी तोंड फिरवून झोपले.

सतराचा पाढा

नसीमा भेटायला आली ती केळी-बिस्किटं काही न आणता. आणलं काय तर एक फर्मान. त्या आठवड्यात सगळेच फर्मानं काढत होते.

"चढावर मी तुला काय सांगितलं होतं?"

"बोलता आलं पाहिजे."

तिचा हा एकच नियम. चढावर वेग किती ठेवायचा? बोलता येईल एवढाच. पूर्ण वाक्य म्हणता आलं तर ठीक चाललंय. वाक्य तुटायला लागलं तर पाय हळू करायचे, ताबडतोब, मोडून पडायची वाट बघायची नाही. मी गणितवाली, म्हणून ती मला चढताना पाढे म्हणायला लावायची. बाराचा आरामात, पंधराचा कसाबसा, आणि सतराचा म्हणता आला तर त्या दिवशी मी राणी.

"तर मग म्हण सतराचा. एका श्वासात जाईल तिथवर."

मी खाटेवर ताठ बसले. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस, सतरा त्रिक... आणि खोकला. एक्कावन्नसुद्धा नाही! शेजारच्या खाटेवरच्या काकू म्हणाल्या, "एक्कावन," त्यांना वाटलं मी विसरले. आम्ही तिघी हसलो आणि हसताना माझी कूस अशी दुखली की डोळ्यांत पाणी आलं, त्यातलं काही हसण्याचंच होतं.

तिथून रोज पाढा. श्वास आत ओढून तीन गोळे वर न्यायचं प्लास्टिकचं खेळणं हॉस्पिटलनं दिलं होतं, तेही करायची, पण खरं मोजमाप पाढ्याचं. एक्कावन्न आलं त्या दिवशी मी नर्सला पेढे मागवू का विचारलं. अडुसष्ट यायला पुष्कळ दिवस लागले, तोवर मी घरी आले होते. पंच्याऐंशी अंगणात आलं, तुळशीएवढ्या उंचीच्या पपईला धरून. आई आतून म्हणाल्या, "झाला काय?" मी म्हटलं, "झाला!" वाडीला वाटलं असेल काय लॉटरी लागली.

मुंबईला गेलेलं चाक

सहा महिने गोळ्या. हे ऐकलं की माणूस खचतं. मीही खचले. म्हणून ही दुसरी युक्ती: चढावर माथ्याकडे बघायचं नाही. माथा बघितला की पाय लगेच हिशेब घालतात आणि संप करतात. पुढच्या चाकाच्या समोर जेवढा रस्ता दिसतो तेवढाच आपला. फार तर रस्त्याकडेच्या गडग्यातला, त्या दगडी बांधातला, पुढचा एखादा काळा चिरा हेरायचा आणि तिथवर जायचं. तो आला की पुढचा. मी आजची गोळी आजच्यापुरती घेतली. उद्याची गोळी उद्याची बाई घेईल, ती माझ्यापेक्षा एका गोळीनं बरी असेल.

मळमळ व्हायची. जेवणाचा वास नको व्हायचा, कोकणात राहून मासळीचा वास नको म्हणजे काय दैना. लघवी केशरी झाली तेव्हा मी घाबरून मिलिंदला फोन लावला, डॉक्टरांनी आधी सांगितलेलं साफ विसरून. तो ऑफिसात होता. "केशरी म्हणजे किती केशरी?" त्यानं इतक्या गंभीरपणे विचारलं की त्याच्या शेजारचा हसलेला मला फोनवर ऐकू आला. त्या दिवशी आम्ही खूप दिवसांनी एकत्र हसलो.

पण आमचं धड चाललं नव्हतं. पहिल्याच महिन्यात मी जरा अंगात त्राण आल्यावर सायकल पुसायला काढली. तो तेव्हा फेरीला घरी आला होता, त्यानं ते बघितलं. दुसऱ्या दिवशी तो मुंबईला गेल्यावर मी पडवीत आले तर सायकलीला पुढचं चाक नाही! हे गृहस्थ चाक काढून, गोणपाटात गुंडाळून, ट्रेननं मुंबईला घेऊन गेले होते.

मी फोनवर बोलायचं तेवढं बोलले. शेवटी तो म्हणाला, "मी तिथे नसतो. तू काय करतेस ते मला दिसत नाही. चाक माझ्याजवळ असलं की मला झोप लागते." मुंबईतल्या त्याच्या दहा बाय बाराच्या खोलीत खाटेखाली माझं चाक होतं, आणि तो रोज रात्री त्याच्यावर झोपत होता. माझा रागही गेला नाही आणि प्रेमही आलं, दोन्ही एकदमच.

डॉक्टरीणबाईंनी "आता सायकल चालवा, पण हळू" असं लिहून दिलं ते मी त्याला फोटो काढून पाठवलं. शनिवारी तो आला. एसटीतून उतरून सड्यावरून चालत येताना लांबून दिसला, खांद्यावर माझं चाक. मी पायरीवरून उठून धावलेच. धावले! खोकला आला नाही. त्यानं चाक खाली ठेवलं आणि म्हणाला, "हवा मी रोज तपासायचो."

पारूकाकीचा गडगा

आता खरी गोष्ट.

सपाटीवर आठवडा काढून मी पहिल्यांदा घाटीला लागले. साकवावर गियर हलका. हात सैल, हँडलवर बोटं पेटी वाजवल्यासारखी हलवता येतील इतके सैल. खांदे खाली. बसून चढायचं, उभं राहायचं नाही. सगळं केलं. गिरणीचं वळण आलं आणि गेलं. मग पारूकाकीचं घर, त्याच्यापुढचं फणसाचं वळण, आणि फणसाच्या वळणाआधीच मी संपले. छाती भात्यासारखी. पाय टेकला.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. तीच जागा, पारूकाकीच्या गडग्याच्या टोकाला. मला वाटलं संपलं, फुफ्फुस एवढंच परत आलंय, यापुढे रोज इथं उतरून सायकल ढकलत घरी जायचं. शाळेत रुजू झाले होते, फळ्यावर दोन गणितं सोडवताना दम लागत नव्हता, सगळे म्हणत होते झालीस की बरी. पण मला बरं होणं म्हणजे काय हे माहीत होतं. पाय न टेकता घर. ते झालं नाही तर मी उरलेला जन्म आजारी.

चौथ्या दिवशी नसीमा माझ्या मागून आली, मुद्दाम. मी उतरले तिथे तीही उतरली.

"तू गिरणीपर्यंत छान येतेस. तिथून पळायला लागतेस. गियर वाढवतेस, उभी राहतेस. कुणापासून पळतेस?"

"कुणापासून नाही."

"पाढा म्हणत होतीस?"

मी पाढा म्हणत नव्हते. मी पळत होते. पारूकाकीपासून!

पारूकाकी म्हणजे मधल्या कुणबीवाडीतलं पहिलं घर. सगळी संध्याकाळ ती पायरीवर बसलेली. आमच्याकडे रस्त्यानं जाणाऱ्याला कुठून आलात, कुठे चाललात, जेवलात काय, हे विचारलं नाही तर तो अपमान असतो, आणि उत्तर न देणं त्याहून मोठा. पण पारूकाकीचं विचारणं म्हणजे चौकशी आयोग. मी पुन्हा घाटीला लागल्यापासून रोज संध्याकाळी ती उठून गडग्याशी यायची. "सुजाता, काय झालेला गो तुला?" मी "न्यूमोनिया, काकी!" असं एका दमात फेकून सुसाट. पुढचा प्रश्न यायच्या आत मला वळण गाठायचं असायचं. कारण पुढचा प्रश्न असायचा, "येवडे दिवस कसला गो न्यूमोनिया?" आणि त्याला उत्तर नव्हतं.

म्हणजे माझं फुफ्फुस ठीक होतं! मला इतका आनंद झाला की मी रस्त्यातच नसीमाला मिठी मारली. आणि पाठोपाठ मिठी सोडली. कारण बोलता येईल एवढ्या वेगानं पारूकाकीच्या घरावरून जायचं, तर बोलावं लागणार.

पूर्ण वाक्य

आईंना विचारल्याशिवाय मी हे करणार नव्हते. शब्द त्यांचा होता आणि त्यामागचा भाऊही त्यांचाच. मी सगळं सांगितलं, चढ, वेग, पळणं. त्या तांदूळ निवडत होत्या. मला वाटलं नाहीच म्हणतील.

मग म्हणाल्या, "सांग. कोनी पानी दिला तर पी. नाय दिला तर आपल्या घरात पानी हाय."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साकवावर मी एकटीच होते. नसीमाला येऊ नको म्हटलं होतं. गियर हलका. सतरा एके सतरा. गिरणी आली, पिठाचा वास आला, सतरा चोक अडुसष्ट. पायांना पळायची इतकी सवय लागली होती की गिरणीचं वळण संपताच ते आपोआप जोर लावायला लागले. "हळू," मी त्यांना मोठ्यानं म्हटलं. "हळू रे बाबांनो."

पारूकाकी उठून गडग्याशी आलीच.

"सुजाता, आज येळ झाला गो?"

"वह्या तपासायच्या होत्या, काकी."

"बरी हायस मा आता? काय झालेला काय नक्की?"

मी पॅडल मारत राहिले. श्वास आत घेतला, पुरता, तळापर्यंत.

"टीबी झाला होता, काकी, सहा महिन्यांच्या गोळ्या आहेत, आता बरा होत आलाय."

पूर्ण वाक्य! मधे कुठे तुटलं नाही. मला काकीच्या उत्तराआधी त्या वाक्याचाच आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

काकी वळली आणि घरात गेली.

तो आनंद तिथल्या तिथे विझला. मी पुढच्या काळ्या चिऱ्याकडे बघितलं. आई घरी पाणी भरून बसल्या असतील असं मनात आलं. चढावर रडणं परवडत नाही, श्वास अर्धा होतो. सतरा पाचे पंच्याऐंशी. पुढचा चिरा. सतरा पाचे पंच्याऐंशी. पाढा पुढे जाईना पण पाय जात होते.

मागून स्लिपरांचा फटफट आवाज आला. पारूकाकी पदर खोचून, हातात पाण्याचा तांब्या धरून झपाझप येत होती. मला गाठून ती सायकलीच्या बाजूनं चालायला लागली.

"थांबू नुको," ती म्हणाली. "चालव. घरात पानी देऊन येतंय म्हनान सांगून आलंय."

"कुणाला?"

तिनं मागे वळून घराकडे बघितलं. आवाज एकदम खाली आणला.

"दिगू मुंबयवरना आलाय, दोन महिने झाले. खोकतोय. सांजचा ताप येतो. पार काटकुळा झालाय. तो म्हनतो हवा बदलली. मना वाटतंय ताच हाय जा तुला व्हता. पन तू न्यूमोनिया न्यूमोनिया करीत पळून जायचीस. कोनाला इचारू गो मी?"

मी तिच्याकडे बघितलं, आणि चढावर रस्त्यावरची नजर काढायची नाही हा नियम मोडला. सायकल डगमगली. तिनं कॅरियरला हात लावून धरली.

रोज गडग्याशी येणारी ही बाई माझी चौकशी करायला येतच नव्हती. तिला तिच्या मुलाचं विचारायचं होतं. आणि मी माझ्या सगळ्या ताकदीनिशी तिच्यापासून सायकल पळवत होते.

मग मी सांगायला लागले. कुठे दाखवायचं, थुंकी तपासतात, एक्स-रे काढतात, गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, तपासणी होईतो खोकताना तोंडावर रुमाल धरायला सांग, खोलीची खिडकी उघडी ठेव. बरं वाटलं म्हणून मधेच गोळ्या सोडायच्या नाहीत, हे मी दोनदा सांगितलं. लघवी केशरी होते, घाबरू नका. काकी मधे मधे "व्हय" म्हणत चालत होती, आणि तिच्या चालण्याच्या वेगाला मला सायकल चालवावी लागत होती. याहून हळू चालवली असती तर मी पडले असते. पोटचा मुलगा मरेल काय, हे तिनं फणसाच्या वळणावर विचारलं. मी म्हटलं, "नाही काकी. पूर्ण बरा होतो." तिनं परत म्हणायला लावलं. मी म्हटलं.

"ह्यो थांबा आला," काकी म्हणाली.

मी बघितलं तर सड्यावरचा एसटीचा थांबा! फणसाचं वळण कधी गेलं, शेवटची खडी चढण कधी गेली, माझा पाय एकदाही टेकला नव्हता, आणि मी सबंध वेळ बोलत होते. पूर्ण वाक्यांत! मी सायकलवरून उतरून ओरडलेच, "काकी, मी चढले!" तिला त्याचं काय, ती तर चालत चढली होती, तांब्यासकट. पण हसली.

तिनं तांब्या पुढे केला. मी तोंड न लावता वरून प्यायला गेले, अर्धं पाणी गळ्यावर.

"तोंड लावून पी," पारूकाकी म्हणाली. "सांडतंस कशाला?"

सकाळ

दुसऱ्या दिवशी शनिवार, सकाळची शाळा. मी उताराला लागले. उतारावर युक्ती कसली, ब्रेक नीट असले की झालं, आणि आता माझे ब्रेक चांगले घट्ट आहेत.

पारूकाकीच्या गडग्याशी रिक्षा उभी होती. काकी नव्या लुगड्यात. बाजूला दिगू, इस्त्रीचा शर्ट, तो आता त्याला दोन मापं मोठा होत होता, आणि तोंडावर रुमाल बांधलेला. खालच्या गिरणीवर माणसं होती, वरच्या पायवाटेनं दोघीजणी शेण घेऊन चालल्या होत्या. आता त्या सगळ्यांसमोर काही न विचारता पुढे जावं, असं माझ्या मनात आलं. मग वाटलं, छे! रस्त्यातल्या माणसाला विचारायचं नाही म्हणजे काय?

मी ब्रेक दाबून सायकल हळू केली आणि रीतसर हाक मारली.

"काकी, कुठं चाललात?"

पारूकाकीनं दिगूकडे बघितलं. दिगूनं रुमालाआडून मान हलवली. मग तिनं खालच्या गिरणीला आणि वरच्या पायवाटेला, दोन्हींना ऐकू जाईल असा पुरता श्वास घेतला.

"टीबीची तपासनी करायला!"